दोन वार

स्वामीमलैहून कुंभकोणला येणारी सकाळची बस एका केळीच्या बागेपाशी थांबली. पुढच्या बाजूनं वाफेचा जाड लोळ उठला, तसे लोक ‘उतरा, उतरा’ करत खाली उतरू लागले. अप्पाराव उतरले नाहीत. बासष्ट वर्षांच्या गुडघ्यांना बसची पायरी उंच पडते, आणि खाली उतरून तरी काय करायचं, सावली तर केळीच्या आत होती. त्यांनी खिडकीतून डोकं काढून पाहिलं. ड्रायव्हरनं झाकण वर केलं होतं. हातात धोतराचं टोक गुंडाळून त्यानं आतून काहीतरी ओढून काढलं आणि उंच धरलं. पंख्याचा पट्टा. तुटून लोंबत होता. कंडक्टर म्हणाला, गेला का? ड्रायव्हर म्हणाला, गेला. मग कपाळावरचा घाम पुसत, अगदी सहज, विडा मागावा तसा तो तमिळमध्ये म्हणाला, “एक जानकीराम लाव रे, कुंभकोणपर्यंत जाऊ.”

अप्पारावांना वाटलं, कोणी माणूस असेल. त्या नावाची माणसं गावोगाव असतात. पण हाक ऐकून कोणी पुढं आलं नाही. कंडक्टरनं सीटखालची पेटी उघडली, जुन्या पट्ट्याचा वीतभर तुकडा काढला, दाभण काढला, आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून तो तुकडा तुटलेल्या पट्ट्याला शिवू लागला. भोवती जमलेल्यांपैकी एकजण हसून म्हणाला, “जानकीराम नीट बसव हं, मला मुहूर्त गाठायचाय.” सगळे हसले.

अप्पाराव उतरले. कसे उतरले ते त्यांना पुढं आठवलं नाही. कंडक्टरपाशी जाऊन उभे राहिले आणि विचारलं, “काय म्हणालास तू? काय लावतोस?”

“जानकीराम, वाध्यारय्या.” छत्री, उपरणं आणि चष्मा पाहून त्यानं ओळखलं होतं की हे मास्तर. “पट्टा तुटला की जुना तुकडा जोडायचा, त्याला म्हणतात. घरी पोहोचेपर्यंत टिकतो. पुढचं देव बघेल.”

“पण जानकीराम कोण?”

कंडक्टरनं दाभण थांबवून वर पाहिलं. प्रश्नच त्याला कळला नव्हता. “कोण म्हणजे? कोणी नाही हो. नावच आहे ते त्याचं. पान्याला पाना म्हणतात तसं.”

बस सुटली, आणि पुढचा सगळा रस्ता अप्पाराव त्या पट्ट्याचा आवाज ऐकत बसले. दुसऱ्या कोणाला तो ऐकू येत नसणार. जोड चाकावरून जातो तेव्हा एक बारीक टप् होतं, चाक फिरलं की पुन्हा टप्. हा आवाज त्यांना चार वर्षं ऐकू येत होता. शेजारच्या घरी उखळात मुसळ पडलं की त्यात, कुंभेश्वराच्या देवळातल्या तविल ढोलाच्या थापेत, झोपाळ्याच्या कड्यांत. टप् ऐकला की ते मोजू लागत. मोजायची खोड जुनी होती. तीस वर्षं मुलांना यंत्रशास्त्राची पहिली पुस्तकं शिकवली, तेव्हा ते दोऱ्याच्या दोन रिळांवर नाडी चढवून टेबलावर ठेवत, एक मोठं रीळ, एक लहान, आणि मुलांना मोठं रीळ हळूहळू फिरवायला लावत. मोठं एकदा फिरलं, लहान किती वेळा? तीन वेळा, सार. का? मुलं गप्प. मग ते नाडीवर शाईचा ठिपका ठेवत. हा ठिपका दोन्ही चाकांवरून जातो ना? नाडी एकच आहे, म्हणून दोन्ही चाकांच्या कडा सारख्याच धावतात. लहान चाकाचा घेर लहान, त्याला बिचाऱ्याला जास्त गरगरावं लागतं. मुलं हसत. विजेच्या मापांना माणसांची नावं आहेत हेही तेच सांगत. माणूस मरतो, माप राहतं, तुमच्यापैकी कोणाचं नाव राहील? तेव्हाही मुलं हसत. आता खिडकीतून उन्हानं पांढरं पडलेलं भात पाहताना त्यांना तो प्रश्न आपणच कोणाला तरी शाप म्हणून दिला होता असं वाटलं. माप राहिलं नव्हतं. थिगळ राहिलं होतं.

जानकीराम त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सीतालक्ष्मीचा नवरा. गावाबाहेरच्या एका भाताच्या गिरणीत फिटर. हात असा की दाभणानं चामड्यात पाडलेली भोकं मोजपट्टी लावल्यासारखी एका ओळीत यावीत. गिरणीत तेलाचं एंजिन होतं, एंजिनाच्या चाकावरून चाळीस फुटी चामड्याचा पट्टा पलीकडच्या दांड्यावरच्या चाकावर जाई, आणि त्या दांड्यावर भात सडायचं यंत्र चाले. त्या वर्षी मालकानं दुसरं यंत्र बसवलं, तेव्हापासून पट्टा घसरू लागला. जानकीराम त्यावर राळ चोळी, तास दोन तास धरे, पुन्हा घसरे. एक दिवस तो अप्पारावांकडे कागद घेऊन आला. एंजिनाचं चाक वीस इंच, फेरे मिनिटाला चारशे, पट्टा सहा इंच रुंद, एकपदरी, दांड्यावरचं चाक आठ इंच. “हिशेब तुम्ही करा, अण्णा. माझे हात चालतात, डोकं तुमचं चालूं दे.” अप्पारावांनी रविवारी सकाळी हिशेब केला. त्यांना आनंद झाला होता, हेही त्यांना आठवत होतं. पुस्तकातलं चाक पहिल्यांदाच खरं कोठेतरी फिरणार होतं. उत्तर स्वच्छ आलं. दोन यंत्रांना एकपदरी पट्टा पुरत नाही, दुपदरी हवा, चामड्याचे दोन थर एकावर एक चिकटवलेला.

आणि सोमवारी, वैकाशी या तमिळ महिन्यातल्या त्या सोमवारी, ते ओट्यावर पाच-सहा मुलांना घेऊन बसले असताना जानकीराम घाईनं आला. एका पायात चप्पल, एक पाय उंबऱ्यात. चामडेवाल्याची गाडी निघायच्या आत त्याला सांगायचं होतं. “अण्णा, किती घेऊं?” अप्पाराव एका मुलाचा भागाकार तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले, “दोन वार.”

गिरणीत पट्ट्याला कोणी पट्टा म्हणत नाही. चामड्याची पट्टी म्हणजे तमिळमध्ये वार. एकपदरी म्हणजे एक वार, दुपदरी म्हणजे दोन वार, फिटर आपसांत असंच बोलतात. अप्पारावांचं डोकं त्या क्षणी गिरणीत होतं. पण याच घरात, याच ओट्यावर, गेली वीस वर्षं त्यांचाच दंडक होता की उंबऱ्याच्या आत तमिळ शब्द नको. तंजावरच्या राजांबरोबर आलेली भाषा, अडीचशे वर्षं घरांत जपली, ती आपण बाजारात सांडायची काय? जानकीराम बोलता बोलता ‘तण्णी’ म्हणाला की ते त्याला थांबवत, ‘पाणी’ म्हणायला लावत, मुलाला लावावं तसं. तो हसून म्हणे, “चुकलों, अण्णा. पाणी.” त्यामुळे उंबऱ्यात उभ्या असलेल्या जानकीरामानं ऐकलं ते मराठी ऐकलं. दोन वार. लुगड्याच्या कापडाचे असतात तसे. सहा फूट.

त्यानं सहा फूट चामडं आणलं. जुन्या पट्ट्यातला सगळ्यात झिजलेला सहा फुटांचा भाग कापून काढला आणि तिथं नवं चामडं दोन्हीकडून वादीनं शिवलं. अण्णानं हिशेब केला होता, म्हणजे त्यात काही मर्म असणार. शुक्रवारी जुन्या चामड्यातली भोकं फाटली. तो जोडावर नजर ठेवायला पट्ट्याच्या बाजूलाच उभा होता. चाळीस फुटांचं चामडं मिनिटाला दोन हजार फूट वेगानं सुटलं, ते त्याच्या कानामागं बसलं.

अप्पाराव पोहोचले तेव्हा एंजिन बंद केलेलं होतं आणि भुसा अजून हवेत तरंगत होता. पट्टा जमिनीवर पडला होता, राळेनं काळा झालेला, लांबच लांब, आणि मधे तो फिकट तुकडा, नव्या चपलेच्या रंगाचा. कोणी काही सांगायच्या आत त्यांच्या डोळ्यांनी तो मोजला. सहा फूट. आणि त्यांना कळलं. भोवती लोक म्हणत होते, असा शहाणा फिटर, पण थिगळ लावत बसला. मालक म्हणाला, पूर्ण नवा पट्टा घ्या असं त्यानं म्हटलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का? अप्पाराव म्हणू शकले असते. त्यांच्या तोंडात वाक्य तयार होतं. पण रडणं सुरू झालं होतं, मग स्मशान होतं, मग दहावा, तेरावा, आणि प्रत्येक दिवसानं त्या वाक्यावर एक थर चढवला. शेवटी ते वाक्य इतकं आत गेलं की तिथं फक्त तो आवाज उरला. टप्. बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे त्यांच्याच घरी, आलेली सीतालक्ष्मी तिथंच राहिली. अप्पारावांची बायको जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गिरण्यांसाठी त्यांनी त्यानंतर एकही हिशेब केला नाही. विचारायला कोणी आलं तर म्हणत, डोळे गेले.

बसमधून उतरून अप्पाराव घरी आले तेव्हा बारा वाजत आले होते. बहिणीची चार वर्षांची लेक गोमती मधल्या खोलीत थंड फरशीवर पालथी झोपली होती. सीतालक्ष्मीनं पान मांडलं होतं. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि वाढायचं थांबवलं.

“काय जाहलें, अण्णा? ऊन लागलें काय?”

“नाहीं. बस बंद पडली.”

“मग तोंड असें काय? बस तूं थोडीच ढकलली असशील.”

ते हसले नाहीत. पानावर बसले, पण हात पुढं केला नाही. आज सांगितलं नाही तर हे कधीच सांगितलं जाणार नाही, हे त्यांना एखाद्या उत्तरासारखं स्वच्छ दिसत होतं. आणखी दहा वर्षांनी गोमती बसमधून जाईल, कोणीतरी म्हणेल एक जानकीराम लाव, आणि ती घरी येऊन आईला विचारेल, माझ्या बापाचं नाव ते असं का घेतात? आणि सीतू काय सांगेल? तिला जे ठाऊक आहे तेच, की तो शहाणा फिटर होता पण थिगळ लावत बसला.

“सीतू, त्यानें थिगळ लावलें नव्हतें. म्हणजे लावलें. पण मीं सांगितलें म्हणून. मीं दोन वार म्हणालों. मज दोन पदर म्हणायचें होतें. गिरणींतला वार. तो समजला कापडाचा.”

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. आमटीचा एक थेंब जमिनीवर पडला. आता ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा उठून गोमतीला उचलून घेईल. त्यांनी चार वर्षं या क्षणाची हरएक तऱ्हा मनात घडवून पाहिली होती. सीतालक्ष्मीनं पळी भांड्यात ठेवली, पदरानं जमिनीवरचा थेंब पुसला, आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाली,

“मज ठाऊक आहे.”

“कोठून ठाऊक?”

“तुज विचारून तो आंत आला. चुलीपाशीं. म्हणाला, अण्णा दोन वार म्हणाले, वार म्हणजे कोणता गे, आपला कीं गिरणीचा? मागें जाऊन विचारूं काय? तूं मुलांवर ओरडत होतास. मीं म्हणालें, अण्णा घरांत तमिळ बोलेल काय? लुगड्याचा वार, तोच. जा, गाडी निघेल. तो म्हणाला, तूं म्हणतेस तर तसेंच. आणि गेला.”

बाहेर रस्त्यावर भांडीवाल्याची हातगाडी गेली, पितळेचा खणखणाट करत. मग अप्पाराव घाईनं बोलू लागले. शब्द माझा होता, दंडक माझा होता, तुझा यात काय संबंध, तू तर भाषेचा नेम पाळलास. तिनं ऐकून घेतलं. पण ते तिचं काही काढून घेत असावेत तसा तिचा चेहरा घट्ट होत गेला.

“तूं तुझें ठेव, अण्णा. माझें मज ठेवूं दे. तो मागें फिरत होता. मीं फिरूं दिला नाहीं.” मग ती म्हणाली, “तूं गांवच्या पोरांस शिकविलेंस. मज तिसरींतून काढली, नंतर कोणी शिकविलें नाहीं. आज शिकव. तो हिशेब काय होता तें तरी मज कळूं दे.”

जेवण तसंच राहिलं. तिनं गोमतीची पाटी आणली. अप्पारावांनी दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक लहान, आणि भोवती पट्टा. आणि शिकवायला लागल्यावर, इतक्या वर्षांनी, त्यांचा आवाज आपोआप तसा झाला, हळू, प्रत्येक पायरीवर थांबणारा. पट्टा चाकाला ओढतो असं लोक समजतात, सीतू. तो नुसता धरतो. जितकं रुंद चामडं, तितकी जास्त पकड. मोठ्या चाकाचा घेर किती? वीस इंचांचं चाक, तिनांनी गुण, वर थोडं. तिनं बोटांवर केलं. साठ, वर थोडं. त्रेसष्ट धर. म्हणजे सवापाच फूट. एका फेऱ्याला पट्टा सवापाच फूट जातो, मिनिटाला चारशे फेरे, तर किती? तिला वेळ लागला. त्यांनी सांगितलं नाही, वाट पाहिली. “एकवीसशें,” ती म्हणाली. शाबास. आता पुस्तकाचा नियम असा, की एक इंच रुंद एकपदरी पट्टा मिनिटाला आठशे फूट धावला तर एका घोड्याचं काम नेतो. आपला एकवीसशे धावतो. म्हणजे इंचाला अडीच घोड्यांहून थोडं जास्त. सहा इंचांना? “पंधरा, सोळा.” बरोबर. पण दुसरं यंत्र आलं तेव्हा लागणार होते बावीस. तर चामडं दुपदरी केलं की नियमात आठशेच्या जागी साडेपाचशे येतात. भाग घाल. तिनं भाग घातला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आला. जवळजवळ तेवीस. “म्हणजे पुरलें असतें,” ती हळूच म्हणाली. “दोन पदर असते तर पुरलें असतें.”

“पुरलें असतें.”

ती पाटीकडे पाहत राहिली. मग तिनं लहान वर्तुळावर बोट ठेवलं. “आणि हें? याचा हिशेब कोठें आहे? सगळा मोठ्याचाच केलास.”

वर्गात सर्वांत मागच्या बाकावरचं मूल असा प्रश्न विचारतं. “तें आठ इंच,” अप्पाराव म्हणाले, आणि लहान वर्तुळात आठचा आकडा लिहिला.

आठ इंच. जाड पट्टा लहान चाकावर चालत नाही. हे त्याच पुस्तकात, त्याच पानाच्या खाली होतं. एक फुटाहून लहान चाकावर दुपदरी चामडं घालू नये. ओट्यावर मुलांना समजावताना ते पंचांग हातात घेऊन वाकवत. बघा, वाकवलं की बाहेरचं पान ताणतं, आतलं चुरगळतं, पानं एकमेकांवरून सरकतात. पट्ट्याचे थर तसेच. मिनिटाला पन्नास वेळा तो त्या लहान चाकाभोवती वाकणार, दर वेळी चिकटवलेले थर एकमेकांपासून सुटू पाहणार. पापनाशमच्या एका गिरणीत त्यांनी तसा पट्टा पाहिला होता, पुस्तकाच्या पानांसारखा उलगडलेला. कागदावर आठचा आकडा होता. जानकीरामानं आपल्या हातानं लिहिला होता. रविवारच्या त्या आनंदात त्यांनी मोठ्या चाकाचा हिशेब केला, उत्तर स्वच्छ आलं, आणि लहान चाकाकडे पाहिलंच नाही.

म्हणजे शब्द बरोबर ऐकला असता तरीही. चार वर्षं त्यांनी एका शब्दाला धरून ठेवलं होतं. शब्दाची चूक ही दोन भाषांच्या मधली चूक, तीत कोणाचा फार दोष नसतो, आणि आता लक्षात आलं की तिच्याच आडोशाला ते इतकी वर्षं उभे होते. आणि त्यांना असंही दिसलं की ते गप्प बसू शकतात. सीतूला हे कधी कळणार नाही. ती म्हणेल लहान चाकाचं काय, ते म्हणतील त्याचा हिशेब लागत नाही. ती पाटी पुसेल. तिचा वाटा तिच्यापाशी राहील, त्यांचा त्यांच्यापाशी, आणि दोघं एका घरात निम्मा-निम्मा दोष सांभाळत म्हातारी होतील. त्यात एक सोबत होती. तिची त्यांना भीती वाटली.

“सीतू, ऐक. वार कोणता तें सोड. तूं त्यास मागें फिरूं दिला असतास, तो मज विचारता, मीं सांगतों गिरणीचा वार, दुपदरी. तोही तुटता. या चाकावर तो चालतच नाहीं. मीं हें चाक पाहिलेंच नाहीं. तुझ्या बोलण्यानें कांहीं जाहलें नाहीं. समजलीस? माझा हिशेबच चुकीचा होता.”

ती समजली की नाही ते कळेना. मग तिनं विचारलं, अगदी विद्यार्थ्यासारखं, पुढची पायरी विचारावी तसं, “लगेच तुटता?”

त्यांना खोटं बोलता आलं असतं. पण पाटी पुढं होती आणि पाटीपुढं ते कधी खोटं बोलले नव्हते. “लगेच नाहीं. थर हळूहळू सुटतात. पापनाशमचा दोन महिने टिकला.”

“दोन महिने.”

तिनं महिने मोजायला अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. “वैकाशी,” ती म्हणाली. “आणी. आडी.” अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला आणि परत दुसऱ्यावर आला. “गोमती आणीच्या विसाव्या दिवशीं जाहली.”

तिच्या डोक्यावरून ओझं उतरवायला म्हणून अप्पारावांनी हे सांगितलं होतं, आणि तिनं तेवढ्यातून दोन महिने उचलून घेतले होते. त्यांनी पाणी लावलेलं फडकं घेतलं आणि पाटीकडे हात नेला.

सीतालक्ष्मीनं पाटी आपल्याकडे ओढली.

“पुसूं नको,” ती म्हणाली. “गोमतीस अक्षरें दुसऱ्या पाटीवर शिकव.”